तीन की आठ

एप्रिलच्या दोन तारखेला साहेबांनी फाइल सरकवली.
"हरमलकर, शिवोलीला जाऊन चासी नंबर उतरवून आण.
कागदावर इंग्रजी तीन आहे, फोटोत आठ दिसतोय."

नाव: मायदा कोबाल. वय एकसष्ट. गाव मारिबोर.
सोबत एक लांबट पिवळी वही,
तिच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे.
एक आत येताना फाडायचा, एक बाहेर जाताना,
तिसरा वहीतच राहतो, शिक्के अंगावर घेऊन.
त्याला आम्ही स्थळप्रत म्हणतो.
बाझरगान, तफ्तान, मग अटारी.
अटारीच्या पानाचा एकच तुकडा फाटलेला.
म्हणजे गाडी आत आहे. सहा महिने राहू शकते,
परत जाण्याच्या अटीवर.
तिकडच्या मोटार क्लबाने लिहून दिलंय:
नाही गेली, तर जकात आम्ही भरू.
जकात गाडीच्या किमतीहून जास्त.

म्हापशाहून बस धरली. मांडीवर ट्रेसिंग पेपर
आणि शिसपेन्सिल, स्वतःच्या पैशांची.

कायतानच्या गॅरेजमागे फणसाखाली गाडी,
बाजूच्या दगडावर बाई, बोंडू खात.
रस कोपरापर्यंत उतरलेला.
डाग जात नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
गिअरबॉक्स उघडा. त्यातलं एक दातेरी चाक
जर्मनीहून निघालं आणि दिल्लीत अडलं,
आमच्याच खात्यात.
हे तिने रागाने सांगितलं नाही,
म्हणून मला जास्त लागलं.

रुमाल अंथरून गुडघे टेकले.
नळीवर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली.
काळ्यातून पांढरे आकडे वर येऊ लागले,
ओहोटीला शापोऱ्याच्या पात्रात
खुंट उघडे पडतात तसे.
सात, शून्य, चार, आणि मग आठ.
पुन्हा केलं.
आठ.

आठ म्हणजे ही ती गाडी नव्हे.
आठ म्हणजे ती कुठेतरी वाटेत विकली गेली
आणि ही दुसरीच, कुठल्याच सीमेवर न नोंदलेली.
आठ म्हणजे जप्ती, आणि गोदाम.
गोदामात एक लाल इटालियन पाहिलीय मी,
तिच्या फाटक्या सीटमध्ये मांजर व्यायली होती.

बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.
वर्दीवाल्यांचे चेहरे वाचत वाचतच ती इथवर आलेली.

कायतान उठला. सोडणाची मूठ रॉकेलात बुडवली.
"मिठाचें काम हें, सायबा."
घासलं. तांबडं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं.
मी तिसरा कागद लावला.
तीन. डावीकडे दोन्ही तोंडं उघडी.

चार महिने खाऱ्या वाऱ्यात उभी राहून
गाडी एका आकड्यापुरती इथली झाली होती.
त्याला आमच्या अर्जात रकाना नाही.

साहेबांनी तीन महिने वाढवून दिले.
कारण: सुट्या भागाची प्रतीक्षा.

माझा पुतण्या स्विंडनला गोदामात खोकी रचतो.
आजोबांच्या जन्माची नोंद लिस्बनच्या दप्तरात लागली,
तिच्या जोरावर गेला.
त्याची हमी कुणी लिहून दिली नाही,
परतीची तारीख कुठल्याच पानावर नाही.
वहिनी अधूनमधून मलाच विचारते.
मी कस्टममधला,
मला ठाऊक असेल असं तिला वाटतं.

तीनाचा कागद फाइलला लावला.
आठाचे दोन ड्रॉवरमध्ये आहेत, ते फाडायचे राहिलेत.

जूनच्या शेवटी सोनौलीहून तुकडा आला.
गाडी बाहेर.
शिक्का तिरका पडला होता.
कागद फिरवून तो सरळ करून पाहिला,
मग होता तसाच टाचला.